उसाला पचते, घेवड्याला नाही

कोरेगाव तालुक्यात शेतीचे दोन स्वभाव शेजारी शेजारी नांदतात. कृष्णेच्या काठाने आणि धोमच्या डाव्या कालव्याखाली ऊस, आले, बागायती मका. उत्तरेला पिंपोडे बुद्रुक, वाघोली, देऊर, सोनके या बाजूला पावसाच्या भरवशावरचा घेवडा आणि त्याच्यामागून रब्बीची ज्वारी. हा घेवडा म्हणजे वाघ्या घेवडा. दाण्यावरच्या तांबूस पट्ट्यांमुळे त्याला हे नाव पडले आणि २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. या तालुक्याच्या शेतीचा इतिहास सांगताना सगळे जण पाण्याचा इतिहास सांगतात: धरण कधी झाले, कालवा कुठवर आला, कारखाना कुठे उभा राहिला. ते बरोबरच आहे, पण त्याच शेतांचा आणखी एक इतिहास आहे, तो तणाचा. शेतातले काय ठेवायचे आणि काय काढायचे हा निर्णय पिढ्यान्‌पिढ्या माणसाचा हात घेत होता. गेल्या काही दशकांत तो डब्यातल्या औषधाकडे गेला असे आपण समजतो. माझे म्हणणे असे की तो औषधाकडे कधी गेलाच नाही. तो पिकाच्या पेशीकडे गेला, आणि तिथे तो गंधकाच्या एका छोट्या संयुगाच्या आधाराने घेतला जातो. ही गोष्ट लक्षात न आल्यामुळे उसाच्या सरीत जे औषध बिनधोक ठरले, ते घेवड्याच्या रानातही बिनधोकच असेल असा समज रुजला.

आधी भांगलणीकडे पाहू. सातारा-सांगली पट्ट्यात खुरप्याने तण काढण्याला भांगलण म्हणतात आणि ती मुख्यतः बायकांची होती. ओळीने बसून, खुरप्याचे टोक रोपाच्या बुडाशी नेऊन, पिकाची मुळी न दुखावता हरळीची गाठ उपसून काढायची हे काम डोळ्यांचे जास्त आणि जोराचे कमी. ज्वारीचे कोवळे रोप आणि त्याच्यासारखेच दिसणारे गवत यांतला फरक तिसऱ्या-चौथ्या पानावर ओळखणे हे शिकावे लागते, आणि ते शेतातच शिकले जाई. सावडीने एकमेकींच्या रानात जाण्याची रीत होती. जिथे सावड नव्हती तिथे रोज होता, आणि भूमिहीन घरांना पावसाळ्यातला तो मोठा आधार होता. ‘तण खाई धन’ हे सगळ्यांनाच ठाऊक असल्याने भांगलण चुकवणारा शेतकरी गावात आळशी समजला जाई. ऊस वाढला तशी या कामाची ओढाताण झाली. आडसाली लागण पावसाळ्यात, पहिले तीन-चार महिने पीक सावकाश वाढणारे, सरीत पाणी कायम, आणि नेमक्या त्याच काळात घेवडा, भुईमूग, सोयाबीन यांनाही तेच हात हवेत. या टंचाईत तणनाशक आले आणि टिकले. ते लादले गेले असे म्हणता येणार नाही. त्याची गरज खरी होती.

उसात आणि मक्यात सर्वांत जास्त रुजलेले औषध म्हणजे ॲट्राझीन. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरातल्या गायगी कंपनीने ते १९५८ मध्ये बाजारात आणले. लागणीनंतर वाफशावर ते जमिनीवर फवारायचे, मात्रा हेक्टरी एक-दोन किलोंच्या आसपास. मुळांवाटे ते पानात जाते आणि हरितकणांतल्या एका प्रथिनाच्या खोबणीत जाऊन बसते. ती खोबण असते इलेक्ट्रॉन पुढे नेणाऱ्या रेणूसाठी. वाट अडली की पानावर पडणारे ऊन पचत नाही, त्यातून ऑक्सिजनची विध्वंसक रूपे तयार होतात आणि पान स्वतःच्याच प्रकाशात करपते. आता प्रश्न असा की ही खोबण उसातही आहे, मक्यातही आहे आणि घोळ-माठातही आहे. औषध तिन्हींच्या मुळांतून आत जाते. मग ऊस का मरत नाही? विक्रेत्याचे उत्तर असते की औषध ‘निवडक’ आहे. पण रेणूला निवड करता येत नाही.

या प्रश्नाचे उत्तर सापडले ते ज्वारीत, आणि ज्या तालुक्याच्या ताटात भाकरी आहे त्याने ही हकीकत नीट ऐकावी अशी आहे. १९५७ मध्येच असे दिसले होते की मक्याच्या रोपाचा पिळलेला रस ॲट्राझीनचे भावंड असलेल्या सिमाझीनला निकामी करतो. मक्याच्या रसात असणारे एक नैसर्गिक संयुग त्या रेणूवरचा क्लोरीन काढून तिथे पाण्याचा अंश बसवते असे कळले आणि कोडे सुटले असे काही वर्षे सगळे मानत होते. अडचण ज्वारीने उभी केली. ज्वारीत ते संयुग नसते, तरी तिला ॲट्राझीन सोसते. अमेरिकेच्या कृषिखात्याच्या फार्गो इथल्या प्रयोगशाळेत लॅमुरो, शिमाबुकुरो, स्वॉन्सन आणि फ्रिअर यांनी ज्वारीच्या पानांचे तुकडे किरणोत्सारी खूण केलेल्या ॲट्राझीनमध्ये ठेवले आणि ती खूण पुढे कुठे जाते याचा माग काढला. १९७० मध्ये त्यांनी दाखवले की ॲट्राझीन ग्लुटाथायोनला जोडलेले सापडते. ग्लुटाथायोन म्हणजे ग्लुटामिक आम्ल, सिस्टीन आणि ग्लायसीन या तीन घटकांची लहानशी साखळी. मधल्या सिस्टीनच्या टोकाला गंधकाचा एक अणू. त्याच वर्षी फ्रिअर आणि स्वॉन्सन यांनी ही जोडणी घडवणारे विकर मक्याच्या पानांतून वेगळे काढले. ते कुठे कुठे आहे हे पाहिले तर मका, ज्वारी आणि ऊस यांत ते होते; वाटाणा, गहू, सातू यांत आढळले नाही.

तरीही शंका उरते. एखाद्या पिकात विकर आहे आणि ते पीक तगते, एवढ्याने विकरामुळेच ते तगते असे सिद्ध होत नाही. या शंकेचे उत्तर मक्याच्याच एका वाणाने दिले. जीटी ११२ नावाचा मक्याचा एक शुद्ध वाण ॲट्राझीनने मरतो. १९७१ मध्ये शिमाबुकुरो आणि सहकाऱ्यांनी तो तपासला. रसातले ते जुने संयुग त्याच्यात नेहमीसारखेच होते. कमी होते ते फक्त गंधकाची जोडणी करणारे विकर, तेही जवळजवळ नाहीच म्हणावे इतके. एकच पीक, एकच गोष्ट वेगळी, आणि परिणाम उलटा. यापेक्षा स्वच्छ पुरावा मागता येणार नाही. मक्याला वाचवणारी मुख्य गोष्ट गंधकाची जोडणीच आहे हे त्यानंतर मान्य झाले.

या जोडणीचे शास्त्र मात्र शेतीत जन्मलेले नाही. १८७९ मध्ये जर्मनीत बाउमान आणि प्रॉयसे यांनी, आणि स्वतंत्रपणे याफे यांनी, कुत्र्यांना ब्रोमोबेंझीनसारखी डांबरापासून मिळणारी रसायने खाऊ घातली आणि लघवीत त्यांना गंधक असलेले एक अनोळखी आम्ल सापडले. शरीर बाहेरच्या विषाला आपल्याजवळचा गंधक बांधून बाहेर घालवते याची ती पहिली खूण. १८८८ मध्ये द रे-पाय्याद या फ्रेंच संशोधकाला यीस्टच्या अर्कात गंधकाशी झटपट क्रिया करणारा एक पदार्थ आढळला. केंब्रिजच्या हॉपकिन्स यांनी १९२१ मध्ये तो वेगळा करून त्याला ग्लुटाथायोन हे नाव दिले. तो तीन घटकांचा आहे हे १९२९ मध्ये पक्के झाले. जोडणी घडवणारे विकर उंदराच्या यकृतात १९६१ मध्ये सापडले, म्हणजे ज्वारीतल्या शोधाच्या नऊच वर्षे आधी. यीस्ट, कुत्रा, उंदीर, ज्वारी अशी ही वाट आहे. त्यावरून एक गोष्ट उघड होते की ही यंत्रणा कोणा एका पिकाची नाही आणि कोणत्याही कारखान्यापेक्षा ती फार जुनी आहे. ॲट्राझीनचा रेणू निसर्गात कधी नव्हता. उसाने त्याच्यासाठी काही तयारी केली असणे शक्य नाही. उन्हाचा ताण, दुष्काळ, शेजारच्या झाडांची विषारी द्रव्ये, बुरशीचे हल्ले यांना तोंड देता देता वनस्पतींनी या विकरांची मोठी फौज उभी केली, आणि तिच्यातल्या काही विकरांच्या हाती हा नवा रेणूही लागला. गायगीच्या रसायनज्ञांना ते ठाऊक नव्हते. औषध आधी विकले गेले आणि ते कशामुळे चालते हे बारा वर्षांनी कळले.

एका रेणूच्या पातळीवर काय घडते ते जवळून पाहू. ॲट्राझीनच्या कड्यावर एक क्लोरीन असतो. सगळा विषारीपणा त्याच्याभोवतीच्या घडणीवर अवलंबून. विकर ॲट्राझीन आणि ग्लुटाथायोन यांना समोरासमोर धरते, सिस्टीनवरचा गंधक कड्याला जोडला जातो आणि क्लोरीन सुटून जातो. आता हा रेणू आधीपेक्षा मोठा, पाण्यात सहज विरघळणारा आणि हरितकणाच्या त्या खोबणीत न मावणारा होतो. प्राण्यांची पेशी असा माल रक्तात, मग मूत्रपिंडाकडे सोडते. वनस्पतीला मूत्रपिंड नाही, म्हणून ती तो स्वतःच्याच पेशीतल्या रिक्तिकेत नेऊन कोंडते. घरातला कचरा बाहेर टाकायची सोय नसलेल्याने माळ्यावर पोत्यात बांधून ठेवावा, तशी ही व्यवस्था आहे. ऊस तोडेपर्यंत ती चालते.

इथे एक आक्षेप अपेक्षित आहे आणि तो शेतकऱ्याच्या अनुभवातून येतो. पूर्वी अमोनियम सल्फेट आणि सुपर फॉस्फेट घातले जाई, त्यातून जमिनीला आपोआप गंधक मिळे. सुपरमध्येच सुमारे अकरा टक्के असतो. पुढे युरिया आणि डीएपी आले, त्यांत तो नाही. तेव्हा आता जमिनीतला गंधक कमी पडल्यामुळे पीक औषधापुढे दुबळे झाले आहे काय? गंधकाची कमतरता खरी आहे, तेलबियांत आणि कडधान्यांत ती दिसते, आणि गंधक कमी पडला की पेशीतले ग्लुटाथायोनही घटते. पण हिशेब मांडून पाहावा. ॲट्राझीनच्या एका रेणूला गंधकाचा एक अणू लागतो. त्या मापाने एक किलो ॲट्राझीन शेवटच्या रेणूपर्यंत बांधायला गंधक लागेल सुमारे दीडशे ग्रॅम. आणि फवारलेल्यातला थोडाच भाग पिकात शिरतो. हेक्टरभर ऊस जमिनीतून जेवढा गंधक उचलतो त्यापुढे हे काहीच नाही. म्हणून गंधकाचे पोते टाकून कोणतेही पीक तणनाशकाला कणखर होईल ही आशा चुकीची आहे. पिकांतला फरक गंधकाच्या साठ्याने पडलेला नाही. तो पडला आहे त्या साठ्याला नेमक्या विषाशी भिडवणाऱ्या विकराने.

घेवडा हे याचेच उदाहरण. घेवड्यात गंधकाचे संयुग नाही असे अजिबात नाही. शेंगवर्गातल्या मूग, घेवडा, सोयाबीन या पिकांत ग्लुटाथायोनच्या बरोबरीने किंवा त्याच्या जागी त्याचे एक भावंड असते, होमोग्लुटाथायोन. शेवटच्या ग्लायसीनऐवजी बीटा-ॲलनीन. हे पहिल्यांदा १९६३ मध्ये मुगात दाखवले गेले. गंधक तोच, जागा तीच. आणि सोयाबीनवर वापरले जाणारे क्लोरीम्युरॉन हे तणनाशक सोयाबीनला सोसते याचे एक मोठे कारण हेच की सोयाबीनची पेशी त्यावरचा क्लोरीन काढून तिथे होमोग्लुटाथायोन बसवते. मक्याला हेच क्लोरीम्युरॉन सोसत नाही. म्हणजे मक्याचे औषध शेंगवर्गाला मारक आणि सोयाबीनचे औषध मक्याला मारक, आणि दोन्हीकडे वाचवणारी युक्ती एकच. ‘पिकाला सुरक्षित’ हे शब्द डब्यावर वाचताना कोणत्या पिकाला, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. सुरक्षितता हा औषधाचा गुण नाही; ते एका पिकाच्या विकराचे आणि एका रेणूचे नाते आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आले आणि हळद यांच्या लागणीनंतर, कोंब वर येण्याआधी, ॲट्राझीन फवारण्याची पद्धत आपल्याकडे आहे. कोंब अजून मातीखाली, औषध वरच्या थरात, तण वरच्या थरात उगवणारे. म्हणून पीक वाचते. इथे पेशीचे श्रेय कुठे? आक्षेप बरोबर आहे. खोली आणि वेळ यांनीही निवड साधता येते आणि माझा दावा तेवढ्यापुरता मर्यादित करायला हवा. पण त्यातून मुद्दा पडत नाही, कारण खोलीवर साधलेली निवड पहिल्या मुसळधार पावसाने किंवा हलक्या जमिनीत मोडते. औषध खाली उतरले की पिकाला तेच भोगावे लागते. उसात, मक्यात, ज्वारीत पाऊस कितीही पडला तरी पीक उभे राहते, ते पेशीच्या जोरावर.

गंधक म्हणजे संरक्षण असे सरसकट समीकरण मात्र मांडू नये. धान्यात किडे होऊ नयेत म्हणून ईडीबी (एथिलीन डायब्रोमाइड) या रसायनाच्या काचेच्या कुप्या घरोघरी कणगीत फोडून ठेवल्या जात. या ईडीबीला शरीर ग्लुटाथायोन जोडते आणि नेमक्या त्या जोडणीतून असा एक अस्थिर रेणू तयार होतो जो पेशीच्या जनुकद्रव्याला चिकटतो. इथे बचावाचीच पायरी घातक ठरते. भारतात २००१ मध्ये ईडीबीवर बंदी आली. दुसरे उदाहरण हुमणी-वाळवीसाठी उसात वापरल्या जाणाऱ्या क्लोरपायरीफॉसचे. त्याच्या स्वतःच्या रेणूत फॉस्फरसला जोडलेला गंधक असतो. यकृत तो काढून तिथे ऑक्सिजन बसवते आणि त्यानंतरच ते मज्जातंतूंना खरे मारक होते. पेशीची यंत्रणा हेतू पाहून चालत नाही. जुन्या विषांवर तयार झालेली तिची चाल नव्या रेणूवर कधी उपकारक ठरते, कधी उलटते, आणि कोणत्या वेळी काय होईल हे प्रत्येक रसायन तपासूनच कळते. म्हणूनच अंगातली ही यंत्रणा बळकट करायला हळद खा, लसूण खा आणि फवारणीला जा, हा सल्ला मला बेजबाबदार वाटतो.

फवारणी करणाऱ्याच्या शरीरातही तीच साखळी आहे. ॲट्राझीन फवारणाऱ्यांच्या लघवीत, ग्लुटाथायोनला जोडून पुढे छाटलेले त्याचे रूप सापडते. १८७९ च्या त्या कुत्र्यांच्या लघवीत सापडलेल्या आम्लाच्याच जातीचे. हे बचावाचे लक्षण आहे तसेच औषध अंगात शिरल्याचेही. माणसाची पेशी ते पचवते म्हणून हातमोजे नकोत, असा निष्कर्ष काढणाऱ्याने पॅरासिटामॉल आठवावे: नेहमीच्या मात्रेत यकृतातले ग्लुटाथायोन त्याचा विषारी अंश बांधून टाकते, मात्रा फार झाली की साठा संपतो आणि यकृत जाते. क्षमता आहे, आणि तिला तळ आहे. युरोपीय संघाने भूजलात उतरण्याच्या कारणावरून २००३ मध्ये ॲट्राझीनची मान्यता थांबवण्याचा निर्णय घेतला. भारत सरकारने २०२० मध्ये ज्या सत्तावीस कीडनाशकांवर बंदीचा मसुदा काढला त्यांत ॲट्राझीनचे नाव होते.

आणि तण? तेही पेशींचेच बनलेले आहे. फ्रिअर-स्वॉन्सन यांच्या यादीत मका, ज्वारी, उसाबरोबर ज्वारीच्या कुळातली रानगवतेही होती. जे विकर उसाला वाचवते ते उसाच्या सोयऱ्यांनाही वाचवते. म्हणून ॲट्राझीन रुंद पानाच्या तणावर चांगले चालते आणि काही गवतांवर तोकडे पडते. हरळी आणि लव्हाळा तर गाठींतून पुन्हा उठतात. वर्षानुवर्षे तेच औषध मारले की रानात गवतवर्गीय तण वाढते. अमेरिकेत मेरीलँडमध्ये आपल्याकडच्या पेटारीच्याच प्रजातीतल्या एका तणाने ॲट्राझीनला दाद देणे बंद केले. १९९१ मध्ये तपासले तर त्याच्यात तेच गंधक-जोडणीचे विकर जास्त जोमाने काम करत होते. भांगलण संपली नाही ती यामुळे. ती फक्त उशिरा, मोठ्या गवतात, जास्त कष्टाची झाली आणि तिचा रोज अनिश्चित झाला. कंपन्यांनीही पेशीची ही ताकद ओळखली. पिकाला आधी एखादे निरुपद्रवी रसायन देऊन त्याची विकरे वाढवायची आणि मग तणनाशक मारायचे, असे ‘सेफनर’ १९७० च्या दशकापासून विकले जातात. त्यांचा उपयोग होतो मक्यासारख्या, ज्वारीसारख्या तृणधान्यांत. शेंगवर्गाला त्यांचा म्हणण्यासारखा फायदा होत नाही. पुन्हा घेवडा बाहेरच.

उपसा सिंचनाने पाणी जसजसे उत्तर कोरेगावकडे सरकते, तसतसा मका आणि ऊस घेवड्याच्या रानाशेजारी आणि मग त्याच रानात येतो. सव्वा-दीड वर्षाचा ऊस आणि त्यानंतरचा खोडवा निघेपर्यंत सुरुवातीला मारलेल्या ॲट्राझीनचा बहुतेक भाग जमिनीतल्या जिवाणूंनी फोडलेला असतो, हे मान्य केले पाहिजे. धोका आहे तो थोड्या अंतराच्या फेरपालटीत. उन्हाळी मक्याला औषध मारले, मका काढला आणि पहिल्या पावसावर घेवडा पेरला, तर मधे चार-पाच महिनेच जातात, आणि त्यांतले कोरडे महिने जिवाणूंना कामाचे नसतात. त्यात आपल्या काळ्या जमिनी विम्लधर्मी. अशा जमिनीत ॲट्राझीन जास्त टिकते. गव्हाचेही तेच, कारण तोही त्या विकराविना आहे. शंका असेल तर पेरणीच्या तीन आठवडे आधी त्या रानातली वरची माती एका डब्यात आणि बांधावरची, कधी औषध न मारलेली माती दुसऱ्या डब्यात घेऊन दोन्हींत घेवड्याचे आठ-दहा दाणे टोकावेत आणि डबे उन्हात ठेवावेत. उगवण दोन्हीकडे सारखीच होईल, पहिली जोडपाने दोन्हीकडे हिरवी येतील, कारण तोवर रोप दाण्यातल्या साठ्यावर जगते. फरक पडतो तो तीन पानांचा पहिला पाला सुटल्यावर, रोपाला स्वतःचे अन्न करावे लागते तेव्हा: जमिनीत औषध उरलेले असेल तर खालच्या पानांच्या कडा पिवळ्या पडतात, शिरांमधला भाग फिका होतो आणि मग कडेपासून आत करपत जातो. असे दिसले तर त्या पावसाळ्यात तिथे घेवडा नको. ज्वारी किंवा मका चालेल.